पिवळीची खिडकी

अन्याय झाला तो इन्स्पेक्टर आतेवर. कधी झाला तेही सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी 'गैरसमज झाला' म्हणायला नको. गेल्या दसऱ्याला, सकाळी, गावदेवीच्या देवळासमोर, नारळ फुटल्यानंतर आणि पेढे वाटण्याच्या आधी. कुणी केला? तिच्या पोटच्या मुलाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, ज्याला अख्खा गाव दादूस म्हणतो. कशाने केला? नव्या स्पोर्ट्‌स कारने.

हसू नका. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. टँकरच्या पाण्यावर लिहिते, डंपरच्या धुळीवर लिहिते, आणि नवीन पनवेलच्या स्टेशनाबाहेर उभी राहून स्वतःच्या हाताने वाटते. अन्याय हा शब्द मी उगाच खर्च करत नाही. केला, की पुढे पुरावा देते. तर पुरावा असा.

इन्स्पेक्टर हे नाव तिला गावाने दिलं. कारण कुणाकडेही नवी वस्तू आली, फ्रीज असो, बोअरिंग असो की बांधलेली अख्खी इमारत असो, आते पाहणीला हजर. तिची पद्धत ठरलेली. समोरून बघायचंच नाही. सरळ मागे जायचं. "तोंड काय, सगलीच धुऊन येतात," ती म्हणायची, "मागं बगावा." दादूससाठी मुलगी बघायला गेली तेव्हाही ती कांदेपोहे सोडून आधी त्यांची मोरी बघून आली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "पोर चांगली हाय. मोरी कोरडी हाय." लग्न जमलं. वहिनी अजून हे सांगताना लाजते की चिडते, ते मला कळलेलं नाही.

पाहणीचा दुसरा भाग म्हणजे बोट. जिथे भोक दिसेल तिथे आतेचं बोट गेलंच पाहिजे. भिंतीतला पाइप, खुर्चीची नक्षी, उलव्यातल्या एका बिल्डरच्या नमुना फ्लॅटमधली खोटी चिमणी. "आत कय नाय," असं तिने तिथे मोठ्याने जाहीर केलं, तेव्हा दोन गिऱ्हाइकं हसत निघून गेली होती. बिल्डर दादूसचा मित्र. त्याने दादूसला फोन केला. दादूसने आतेला काही सांगितलं नाही. सांगून उपयोग नसतो हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

आतेचं बालपण मिठागरात गेलं. मग लग्न झालं तेही मिठागरवाल्यांच्यातच. पुढे विमानतळासाठी मिठागरांवर भराव पडला, जमिनीच्या बदल्यात भूखंड मिळाले, भूखंडावर इमारत झाली आणि दादूसच्या दारात पिवळी आली. पिवळी म्हणजे दोनच माणसांची, जमिनीला चिकटलेली, झेंडूच्या रंगाची परदेशी स्पोर्ट्‌स कार. गाडीला आमच्याकडे 'गारी' म्हणतात, आतेही तसंच म्हणायची. मी त्या वेळी पैसेवाल्यांच्या गाड्यांनी अडवलेल्या रस्त्यांवर पत्रक काढलं होतं, त्यामुळे पिवळीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. आतेने मात्र नेहमीप्रमाणे मागून सुरुवात केली, तळहात टेकवून पूर्ण प्रदक्षिणा घातली, आणि मला हाक मारली. "गो बाय, रुसू नको. हात लाव. कुटंच हात अडत नाय बग."

खरंच अडत नव्हता. पुढच्या चाकावरून एकच फुगवटा निघायचा, दारावरून हळूच उतरायचा आणि मागच्या चाकावर पुन्हा चढायचा. बस, एवढंच. दिवे गोल, जरा आश्चर्य वाटल्यासारखे. तोंड लहान. हवेसाठी दोन भोकं, आणि दोन्हींत आतेचं बोट पार आत गेलं. आणि खिडकी! दाराची कड इतकी खाली होती की आत बसलेल्या माणसाचा खांदा बाहेरून दिसायचा. आते उंचीने माझ्या खांद्याएवढी, त्यात पाठीतून वाकलेली. दादूसचे मित्र त्या गाडीत बसताना कण्हायचे, गुडघे मोडायचे. आते एका दमात बसली. जन्मभर उकिडवं बसून काम केलेली बाई. म्हणाली, "पाटाव बसल्यासारका वाटतं," आणि दारावर कोपर टेकून बाहेर बघायला लागली.

तेव्हापासून रविवारची पाहणी सुरू झाली. दादूसला रविवारी साइटवर जावं लागायचं, वहिनीला एवढी खाली बसणारी गाडी चालवायची भीती. उरले मी. आते फोनवर विचारायची, "कय गो, आज मोर्चा हाय का? नसंल तर मना फिरवून आन." मग मी, जिने गाड्यांविरुद्ध पत्रक काढलं ती, पिवळी चालवायचे. माझ्या कार्यकर्त्यांनी मला एकदा उलव्याच्या चौकात पाहिलं. मी मान खाली घातली. आतेने खिडकीतून हात काढून त्यांना विचारलं, "तुमची पुढारीन चांगली चालवते का नाय?"

फेरी विमानतळाच्या कुंपणाच्या कडेने. तिथे आता सपाट भराव, क्रेन, आणि वर विमानं. मला काहीच दिसायचं नाही. आतेला सगळं दिसायचं. दारावर कोपर, बोट बाहेर. "हितं आमचा मीठ पिकाचा. हितं तुजा बाप पान्यात परला. हितं माजी सासू भांडली." डंपर मध्ये आला तर ती तोच हात उभा करून त्याला थांबवायची, आणि गंमत म्हणजे तो थांबायचा. तिच्या लेखी ती फेरी फिरायला जाणं नव्हतंच. ती हजेरी होती. जागा आहे तिथेच आहे ना, हे बघून यायचं. एखादा रविवार चुकला तर सोमवारी सकाळीच तिचा फोन यायचा.

आणि मग त्याच गाडीचं नवं रूप बाजारात आलं. दादूसने मोबाइलवर फोटो पाहिले आणि त्याची झोप उडाली. पिवळी देऊन नवी घ्यायची ठरली. कुणाला विचारलं? शोरूमवाल्याला, मित्रांना, गाडी लकी आहे का म्हणून भटजींना. पिवळीत दर रविवारी बसणाऱ्या बाईला विचारलं नाही. लेखी नोंद असावी म्हणून पुन्हा लिहिते : विचारलं नाही.

दसऱ्याला ती आली. रंग ओल्या सिमेंटचा. उलव्यात आधीच सिमेंट कमी होतं म्हणून असेल. आश्चर्याने उघडलेले गोल डोळे जाऊन त्यांच्या जागी दोन चिरा. तोंड मात्र कान फाटेपर्यंत वासलेलं, काळ्या जाळीचं. पिवळीच्या अंगावर जिथे एक रेघ होती तिथे हिच्या अंगावर इतक्या घड्या, की इस्त्री करायची राहिली असं वाटावं. चाकं मोठी, छप्पर खाली, दाराची कड वर, आणि त्या दोहोंच्या मध्ये खिडकी म्हणून उरलेली एक पट्टी.

आतेने मागून सुरुवात केली. मागच्या चाकावरचा खांद्यासारखा फुगवटा बघून ती थांबली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला लाल दिवा तिने दादूसला पुन्हा पुन्हा लावायला लावला. "मागून देखनी हाय," ती म्हणाली, "पिवलीपेक्षा देखनी." दादूस फुलला. मग दाराची कडी. पिवळीची ओढावी लागायची, हिची आपणहून बाहेर आली. "आदब हाय," आते म्हणाली. मग ती पुढे गेली आणि तिने जाळीत बोट घातलं. गेलं नाही. शेजारच्या भोकात घातलं. तिथेही प्लास्टिक. अर्ध्याअधिक जाळीच्या मागे काही नव्हतंच. "दादूस, ही नाकानं श्वास घेत नाय रं."

"आये, ती स्टाइल हाय!"

"असू दे. मी कय बोलली का?"

पूजा झाली. पिवळीला बॉनेटच्या पुढे एक कड होती, तिला हाराचा दोरा बांधता यायचा. हिचं नाक गुळगुळीत. म्हणून मुलांनी झेंडूचा भरगच्च हार चिकटपट्टीने जाळीवर चिकटवला, नाकावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. दादूसने गाडी सुरू केली. गाडी किंचाळायला लागली. पुढे घेतली की आपोआप ब्रेक. पुन्हा घेतली, पुन्हा ब्रेक. काचेमागे लाल अक्षरं : समोर अडथळा. समोर होती फक्त गावदेवी.

वहिनीने कानाला हात लावले. कुणी तरी म्हणालं, देवीचा कौल नाय. दुसरा नारळ फुटला. गाडी तशीच. तिसऱ्यासाठी माणूस पळाला. तेवढ्यात आते वाकून पुढे गेली आणि तिने हार काढून स्वतःच्या हातावर घेतला. हाराखाली अडथळा ओळखणारे सेन्सर होते, बटणासारखे गोल गोल डोळे. पदराने कुंकू पुसलं. "देवी कशाला रुसंल? गारीच्या डोल्यांत फुलं गेली. तिला दिसत नाय." गाडी मुकाट पुढे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दादूसने आईला मानाने आत बसवलं.

झाला तो अन्याय तेव्हा. दार लागलं आणि आते नाहीशी झाली. बाहेरून मला फक्त तिच्या अंबाड्यातलं फूल दिसत होतं. "कशी हाय आये?" दादूस विचारत होता. सगळे उत्तराची वाट बघत पेढे धरून उभे. आतून आवाज आला, "झकास हाय."

पुढच्या रविवारी मी तिला नव्या गाडीतून नेलं. कुंपणाच्या कडेला पोचलो. बोट वर झालं आणि दारावर आपटलं. मी सीट वर केली, तर डोकं छपराला. उशी दिली, तर मान वाकडी. खाली बसली की दार, वर बसली की छप्पर. "मना आभाल दिसतं," ती म्हणाली. "विमानं लय दिसतात."

मी पेटले. त्याच रात्री पत्रक लिहिलं. कुरूप, फसवं, माजलेलं, सगळे शब्द वापरले. सकाळी आतेला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुरूप काडून टाक. पोराच्या हौसेची गारी हाय. आनि खोटंय. मागून देखनी हाय, तू पन बगलंस."

"मग काय लिहू?"

"माज्या जागेव बस. जे दिसतं ते लिव."

मी खाली वाकून तिच्या सीटवर बसले, मान तिच्याएवढी खाली घातली. लिहिण्यासारखं एकच वाक्य सापडलं : इथून दार दिसतं. तेवढंच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मी दादूसच्या हातात दिलं. तो हसला. मग त्याला त्याच सीटवर बसवलं, खांदे दाबून पाठ आतेसारखी वाकवायला लावली, आणि कुंपणाच्या कडेने नेलं. "आता सांग, मिठागर कुठे होतं?" दादूसने मान उंचावली नाही. फसवायचं असतं तर उंचावता आली असती. पठ्ठ्या तसाच बसून राहिला, घरापर्यंत.

त्याने पिवळी शोधली. ती विकली गेली होती, कोल्हापूरकडे. मालक द्यायला तयार नव्हता. मग पुढच्या रविवारी दारात एक रिक्षा उभी राहिली आणि दादूसने साइटला सुट्टी दिली. रिक्षाला दारच नाही, तर कड कुठली! आते कडेला बसली, मी मध्ये, दादूस पलीकडे पोट आवळून. बोट बाहेर. "हितं आमचा मीठ पिकाचा." दादूसने ते पहिल्यांदा ऐकलं. त्याचं वय लिहीत नाही, त्याची अब्रू जाईल.

एकदा वहिनी धीर करून ती सिमेंटी गाडी घेऊन आमच्या रिक्षाला मागे टाकून गेली. लाल पट्टी लांबवर चमकत गेली. आतेने मान काढून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. "बग गो, कशी देखनी जाते," ती म्हणाली. "ती बगनाऱ्याची गारी हाय. पिवली बसनाऱ्याची होती." गाड्यांच्या रूपावर जाणकारांचं पुष्कळ लिहिलेलं मी नंतर वाचलं. कुणीही सीटवरून बाहेर बघून लिहिलेलं नव्हतं.

शिमग्यानंतर आते गेली. रविवारी फिरून आली, जेवली, दुपारी झोपली ती उठली नाही. आता कुंपणाच्या कडेने जाताना मी बोट दाखवते आणि दादूस जागा सांगतो. कधी चुकतो, मग आम्ही भांडतो. माझी पत्रकं आखूड झाली आहेत. विशेषणं गेली. टँकरवर लिहायच्या आधी मी रांगेत शेवटी उभी राहते आणि तिथून दिसतं तेवढंच लिहिते. लोक आता ती घडी घालून खिशात ठेवतात.

आता मागणी. तुमच्या दारात नवी गाडी येणार असेल, नवी इमारत उठणार असेल, नवा रस्ता होणार असेल, तर फोटो बघून मान डोलावू नका. घरातल्या सगळ्यांत बुटक्या, सगळ्यांत वाकलेल्या माणसाला आधी आत बसवा. दार लावा. बाहेरून नाही, शेजारी बसून विचारा : काय दिसतं? 'झकास' म्हणाली तर विश्वास ठेवू नका, पुन्हा विचारा. ती बोट बाहेर काढून एखादी जागा दाखवेपर्यंत पेढ्यांचा पुडा उघडायचा नाही.