काढून घेतलेली बक्षिसी

आमच्याकडे त्याला सगळे बोटमामा म्हणायचे. मामा माझा, पण गल्लीतली पोरंही त्याच नावानं हाक मारायची आणि त्यांच्या आयाही. वीसेक वर्षं तो जहाजावर होता. मालाचं जहाज नव्हे. लोक नुसतं हिंडायला, खायला आणि उन्हात आडवं पडायला ज्यावर जातात, तसलं. तिथं बोटमामा केबिनी साफ करायचा.

साफ करायचा म्हणजे काय, ते त्याच्याकडूनच ऐकावं. दिवसातून दोनदा प्रत्येक खोली. गादी एका हातानं उचलून चादर अशी खोचायची की सुरकुती म्हणून दिसता कामा नये. बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस काढायचे, आरशावरचे टूथपेस्टचे शिंतोडे पुसायचे, कुणी ओकलं असेल तर तेही. आणि सगळं झाल्यावर टॉवेलाला घड्या घालून हत्ती नाहीतर माकड करून पलंगावर बसवायचं, म्हणजे पाहुण्यांच्या पोरांनी टाळ्या पिटाव्यात. सुट्टीत घरी आला की तो माझ्यासाठीही हत्ती करायचा. मामी करवादायची, "अहो, धुतलेला टॉवेल आहे तो, पोरीला खेळायला काय देताय?"

सात-आठ महिने जहाज आणि दीड-दोन महिने घर. घरी आला तरी अंगातलं जहाज उतरायला वेळ लागायचा. स्वतःच्याच झोपायच्या खोलीच्या दारावर टकटक करून आत जायचा. मामी आतून म्हणायची, "या साहेब, खोली रिकामीच आहे." आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. तोही हसायचा. मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक.

नातेवाइकांना वाटायचं, याच्याकडे पैशाचं झाड आहे. आल्या आल्या एकाला अत्तर हवं, दुसऱ्याला चॉकलेटं, तिसऱ्याला उसनवारी. पगाराचं विचाराल तर तो नावापुरता. घर चालायचं बक्षिसीवर. सुरुवातीला जुनी पद्धत होती. सफर संपायच्या आदल्या संध्याकाळी प्रवासी पाकीट हातात ठेवायचे. कुणी जाड, कुणी पातळ, कुणी नुसतंच कौतुकाचं पत्र घातलेलं. मामा म्हणायचा, "पाकीट घेताना माणसाच्या डोळ्यांकडे पाहावं. पातळ पाकीटवाला डोळे चुकवतोच." पुढे कंपनीनं ती पद्धत मोडली. माणशी, दर दिवशी एक ठरावीक रक्कम प्रवाशाच्या बिलात आपोआप लागायची आणि ती कंपनी सगळ्यांत वाटायची. केबिनवाले, वाढपी, भांडी घासणारे. कागदावर चोख काम. फक्त एक पळवाट होती. ज्याला द्यायची नसेल त्यानं काउंटरवर जाऊन "काढून टाका" म्हणायचं. कारण सांगायची गरज नाही. डोळे चुकवायचीही नाही.

एका सफरीत त्याच्या वाट्याला एक म्हातारं जोडपं आलं. दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याचं पोट बिघडलं. डॉक्टरला कळलं तर खोलीत कोंडून ठेवतील या भीतीनं म्हातारी रडकुंडीला आली. मामानं चादरी गुपचूप बदलल्या, म्हाताऱ्याला धरून बाथरूममध्ये नेलं, धुतलं, कपडे घातले. हे त्याचं काम नव्हतं आणि नियमातही नव्हतं. साहेबाला कळलं असतं तर पुढच्या बंदरात त्यालाच उतरवलं असतं. सफर संपली त्या सकाळी म्हाताऱ्यानं त्याला मिठी मारली. म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "तू आमचा मुलगाच आहेस." आणि खाली जाऊन दोघांनी बिलातली बक्षिसी काढून टाकली.

हे त्याला कळलं ते महिन्याच्या हिशोबात. सुट्टीत घरी आल्यावर त्यानं मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मामा, तुला राग नाही आला?"

"राग कसला?" तो म्हणाला. "मुलगा म्हणाले ना मला? मुलाला कुणी टीप देतं का?"

तो हसला.

गाद्या उचलून उचलून त्याच्या पाठीचा मणका सरकला. कंपनीच्या डॉक्टरनं कामाला नालायक ठरवलं. थोडीफार रक्कम आणि एक चकचकीत प्रशस्तिपत्र देऊन त्याला घरी पाठवलं. पेन्शन वगैरे काही नाही. पण तोवर त्याची एकुलती एक मुलगी शिकून मोठ्या पगाराला लागली होती आणि तिचं लग्नही ठरत होतं.

ही माझी मामेबहीण, ताई. सासरच्या मंडळींनी पहिल्या भेटीत विचारलं, वडील काय करायचे? ताई पटकन म्हणाली, "जहाजावर अधिकारी होते. हॉटेल विभागात." मामा समोरच बसला होता. मामीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं चहाचा कप उचलला, घोट घेतला आणि म्हणाला, "हो, खालच्या मजल्यांची जबाबदारी माझ्याकडे होती." खोटं काहीच नव्हतं त्यात. पुढे व्याह्यांना तो कप्तानाच्या गमती सांगायचा. कप्तानाला त्यानं लांबूनच पाहिलेलं, पण सांगायचा असा की जणू रोज एका ताटात जेवायचे.

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, सगळ्यांसाठी जहाजाची सफर ठरवली. "बाबांना आता प्रवासी म्हणून नेऊ," असं म्हणाले. मनातून म्हणाले, त्यात शंका नाही. माणूस वाईट नव्हता. मलाही नेलं, ते मामीच्या गुडघ्यांसाठी; जिने चढताना तिला धरायला कुणीतरी हवं होतं.

जहाजावर पाय ठेवला आणि मामाचं सगळं बिनसलं. मऊ गालिच्यावरून चालताना तो भिंतीला चिकटून चालायचा. नोकरांनी तसं चालायचं असतं. कुणी समोरून आलं की थांबून वाट द्यायचा आणि "गुड मॉर्निंग, सर" म्हणायचा. ताई दर वेळी दुसरीकडे पाहायची.

आमच्या खोल्या साफ करायला चाळिशीतली एक बाई होती. पायाला पट्टी बांधलेली, चालताना किंचित लंगडायची, पण दारात उभी राहिली की तोंडभर हसू. मामाला तिचे कष्ट पाहवेनात. ती यायच्या आत तो उठून पलंग आवरायचा, बाथरूम पुसायचा, टॉवेल घडी करून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी तिनं दार हळूच लोटलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का? सरांना माझं काम आवडत नाही का?"

मी सांगितलं, "तसं नाही, त्यांना सवय आहे."

ती रडवेली झाली. "माझा साहेब खोली बघून गेला. म्हणाला, प्रवासी स्वतः साफ करतो, म्हणजे तू नीट करत नाहीस. माझ्या नावावर शेरा लागला मॅडम. प्लीज, त्यांना सांगा ना, करू नका."

मी मामाला सांगितलं. तो पलंगापाशी गेला. मग स्वतःच्या हातांनी घातलेली चादर त्यानं विस्कटली, उशा खाली टाकल्या, ओला टॉवेल जमिनीवर फेकला. "बघ," मला म्हणाला, "आता झालो मी प्रवासी."

सफरीच्या शेवटच्या दिवशी नाश्ता झाल्यावर भावोजी म्हणाले, "तुम्ही चहा घ्या, मी काउंटरवर जाऊन येतो."

"काय काम आहे?" मामानं सहज विचारलं.

"काही नाही बाबा, ती बक्षिसी लावलीय बिलात. ती काढून घेतो. सगळेच काढतात."

मामानं कप खाली ठेवला. "सगळे नाही काढत," तो म्हणाला.

"आपण पाच माणसं, किती होतात ठाऊक आहे का? आणि पैशाचं सोडा, तत्त्वाचा प्रश्न आहे. पगार द्यायचं काम कंपनीचं. आपण का भरायचा? आपण देतो म्हणून तर कंपन्या सोकावतात."

"बरोबर आहे तुमचं, जावईबापू," मामा शांतपणे म्हणाला. "अगदी बरोबर आहे. पण तत्त्व तुमचं, आणि पगार कापला जाणार तिचा."

"तिला मी हातात देईन ना काहीतरी."

"हातात दिलेलं तिला जमा करावं लागतं. ज्या खोलीनं बिलातली काढली, तिथून मिळालेलं स्वतःकडे ठेवलं तर नोकरी जाते."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" असं म्हणत भावोजी हसले आणि निघाले.

मामा उठून त्यांच्या मागे गेला. पाठ धरून, पण झपाझप. मामी म्हणाली, "अगं, जा गं त्यांच्याबरोबर." मी आणि ताई मागून पळालो.

काउंटरपाशी रांग होती. भावोजी अर्ध्यात पोचले होते. मामानं त्यांच्या दंडाला हात लावला. "जावईबापू, माझं ऐका. राहू द्या."

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत. मी पैसे देतो तुम्हाला, घरी गेल्यावर."

"पैशाचा प्रश्न नाहीये!" भावोजींचा आवाज चढला. ताई मध्ये पडली. दबक्या आवाजात वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही आता इथं कामाला नाही. जरा प्रवाशासारखं वागा ना. आमची शोभा का करताय?"

ते ऐकून मामा तिच्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्यानं तिच्यावर आवाज चढवला नव्हता, त्या वेळीही चढवला नाही. नेहमीच्या आवाजात बोलला, पण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"शोभा? तुझी शाळा, तुझं कॉलेज, तुझं होस्टेल, तुझ्या लग्नातला मांडव, सगळं या ओळीतून आलंय. बिलातल्या या एका ओळीतून. अधिकारी नव्हतो गं मी. लोकांचे संडास घासायचो. तुला ठाऊक आहे ना?"

भावोजी ताईकडे पाहत राहिले. तिनं मान खाली घातली. रांगेत मागं उभा असलेला एकजण पुटपुटला, पुढं सरका. भावोजी काउंटरवर गेले आणि तिथल्या मुलीला म्हणाले, "काही नाही. बिल आहे तसंच राहू द्या." परत येताना मामाशेजारी थांबले. "राहिली तुमच्या मंडळींची बक्षिसी. झालं समाधान?"

मामा "हो" म्हणाला. समाधानाचा मागमूस त्याच्या तोंडावर नव्हता.

दुसऱ्या सकाळी उतरताना लंगडणारी बाई दारात उभी होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. तिनं प्रत्येकाला सारखंच हसू दिलं, मामालाही, आणि म्हणाली, "सर, शेवटी मत विचारतील, तेव्हा दहापैकी दहा द्याल ना? नऊ दिले तरी आम्हाला नापास धरतात." मामानं मान डोलावली. तिला काहीतरी सांगावं असं त्याच्या मनात आलं असावं, कारण तो क्षणभर घुटमळला. पण मागून सामानाची गाडी आली आणि तिनं सवयीनं भिंतीला चिकटून वाट दिली.

घरी आल्यावर ताईचं येणं बंद झालं. भांडण असं नाही. सणासमारंभाला निरोप यायचा, वेळ नाही, कामाचा ताण आहे. व्याह्यांकडून मात्र नंतर कळलं की त्या घरात तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं. संडास घासण्याचं त्यांना फारसं वाटलं नव्हतं. तीन वर्षं थापा मारल्या, याचं वाटलं होतं. सासू तर म्हणाली म्हणे, "आधीच सांगितलं असतं तर आम्ही काय नाही म्हणणार होतो?" कदाचित नसते म्हणाले. आता ते कुणाला कळणार?

ताई फोन करते, पण दुपारी, मामा वाचनालयात गेलेला असतो तेव्हा. मामीशी बोलते. मामी मध्येच म्हणते, "अगं, ते आत्ता येतीलच, थांब दोन मिनिटं," की तिकडे कुणीतरी दारावर आलेलं असतं.

मामीनं त्याला एकदा सुनावलंही. "एका परक्या बाईसाठी पोटच्या पोरीला दुरावलात. काय मिळवलंत?"

मामा म्हणाला, "काहीच नाही." वाद घालायला तरी काहीतरी हातात लागतं, त्याच्या हातात काही नव्हतंच. "पण ते म्हातारा-म्हातारी काउंटरवर गेले तेव्हा त्यांना अडवायला कुणी नव्हतं," एवढंच तो म्हणाला. मामीला कुठले म्हातारा-म्हातारी ते कळलं नाही. तिला त्यानं ती गोष्ट कधी सांगितलीच नव्हती.

गेल्या महिन्यात ताई आणि भावोजी पुन्हा जहाजानं फिरून आले. या वेळी दोघंच. फोटो मी मामाला दाखवले. त्यानं चष्मा लावून एकेक नीट पाहिला. निळं पाणी, जेवणाची टेबलं, पलंगावर टॉवेलाचा हंस. ताई छान दिसत होती. फोन मला परत देताना त्यानं विचारलं, "यांनी तिथं बिलातली ती ओळ राहू दिली असेल का गं? की काढली असेल?"

"विचारू का तिला?" मी म्हटलं.

"नको," तो घाईनं म्हणाला. "नको विचारूस. काढली असेल तर तिला तुझ्याशी खोटं बोलावं लागेल."