शून्य टक्के सवलतीची कुपनं

माझ्या मामाकडून जी माणसं जोडे शिवून घेतात, त्यांचे दोन पाय एकमेकांशी जमत नाहीत. कुणाचा डावा आखूड, कुणाच्या उजव्या टाचेचं हाड वाढलेलं, कुणाला लहानपणी ताप आला आणि एक पाऊल तिथेच वाढायचं थांबलं. बाजारात जोडी एकाच मापाची मिळते. त्यामुळे ही माणसं एक तर दोन जोड्या घेऊन दोन जोडे वाया घालवतात, नाही तर चवड्यापुढे कापूस कोंबून चालत राहतात. मामा त्यांना दोन वेगळ्या मापांचे जोडे असे शिवून देतो, की लांबून बघणाऱ्याला पत्ता लागू नये. "पाय बघायचा आणि गप्प शिवायचं," असं तो आपल्या कामाबद्दल सांगतो. गप्प मात्र तो कधीच नसतो.

मी एका कंपनीत नोकरी करते. ज्यांना इंटरनेटवर छोटंसं दुकान उघडायचंय त्यांच्यासाठी ही कंपनी सॉफ्टवेअर बनवते. फोटो टाका, किंमत टाका, झालं दुकान. आमच्याकडे मेणबत्त्यावाले आहेत, बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या दोघी जावा आहेत, नुसते घड्याळाचे काटे विकणारे एक गृहस्थ आहेत. सॉफ्टवेअरमधले शब्द मी लिहिते. बटणावर काय लिहायचं, चूक झाली तर काय म्हणायचं, नवीन बदल झाला की दुकानदारांना कसं कळवायचं. पडद्यावर 'अरेरे, काहीतरी गडबड झाली' असं वाचून तुम्ही कधी दातओठ खाल्ले असतील, तर ते माझ्या नावाने खाल्लेले आहेत.

आठ वर्षांपूर्वी मामाचं दुकान मीच आमच्या सॉफ्टवेअरवर चढवलं. मामीने तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. "पाय काय फोटोतून मोजणार का? उद्या म्हणाल दात पोस्टाने काढतो!" पण मामाने तोडगा काढला. गिऱ्हाइकाने कागदावर उभं राहायचं, पेन्सिल सरळ धरून पावलाची कड काढायची, तीन ठिकाणी दोरा गुंडाळून त्यावर खूण करायची, आणि कागद, दोरा पाकिटात घालून पाठवून द्यायचं. हे दोनदा करायचं, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो. बघता बघता लांबलांबच्या गावांतून पाकिटं यायला लागली. मामी ती उघडून दोरे विंचरायची, आणि आपण विरोध केला होता हे सोयीस्करपणे विसरून गेली.

तीन वर्षांपूर्वी मोठं दुकान सोडून मामाने घराच्या पुढच्या खोलीत बस्तान हलवलं. खोली लहान. खिडकीखाली त्याचं बैठं बाक, बाकावर टोचायची आरी आणि कातडं कापायची रापी, तीन भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर पायाच्या आकाराचे लाकडी ठोकळे, ज्यांना तो कलबूत म्हणतो. पावलांचे कागद भरलेल्या चार पत्र्याच्या पेट्यांना जागाच उरली नाही. मी म्हटलं, "मामा, मापं कॉम्प्युटरमध्ये घाल आणि ही रद्दी काढ एकदाची." तो चार दिवस पेट्यांभोवती घुटमळला. मग महिनाभर बसून, एका बोटाने, त्याने सगळी मापं आत घातली. "आहे आता सगळं आत," म्हणाला. पेट्या रद्दीवाल्याने नेल्या. 'आत' म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही. हा माझा पहिला गाढवपणा.

यंदा एके दिवशी सकाळी मी ऑफिसात चहा घेत होते आणि मामाचा फोन आला.

"अगं, माझे पाय कुठे गेले?"

मी कप खाली ठेवला. "काय झालं पायांना? पडलास का?"

"माझे नाही गं. सगळ्यांचे. ग्रंथपाल बाईंची ऑर्डर आलीय, आणि त्यांचा पाय सापडत नाहीये. कुणाचाच सापडत नाहीये."

ग्रंथपाल बाई म्हणजे मामाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. डावं पाऊल उजव्यापेक्षा बोटभर आखूड आणि बारीक. मामाच्या जोड्यांशिवाय त्यांना दिवसभर उभं राहता येत नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. मामाने मला खुर्चीवर बसवलं, पडद्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "इथे होते."

ते कुपनांचं पान होतं. दुकानदाराला गिऱ्हाइकांना सवलत द्यायची असली की तो इथे कुपन तयार करतो: नाव, किती टक्के, कधीपर्यंत. पान कोरं होतं. मधोमध एक हसरा फुगा होता आणि खाली लिहिलेलं होतं, 'अजून एकही कुपन नाही. चला, पहिलं कुपन बनवू या!' ते वाक्यही माझंच.

"मामा, मापं तू कुपनांत ठेवलीस?"

"मग कुठे ठेवणार? गिऱ्हाइकांच्या पानावर शेरा लिहायला जागा होती, पण बाईंनी पत्ता बदलला आणि शेरा उडाला. तेव्हापासून कानाला खडा. हे पान बाहेरच्या कुणाला दिसत नाही. हवी तेवढी बनवता येतात. दोन अक्षरं टाकली की सापडतं. खाली माहिती लिहायला चांगली ऐसपैस जागा आहे."

"आणि टक्के?"

"शून्य. सवलत कुठे द्यायची होती मला?"

"मुदत?"

"ती टाकल्याशिवाय पुढेच जाऊ देईना. मग माप घेतलं त्या दिवशीची तारीख टाकली. नाही तरी ती लिहावीच लागते."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं. म्हणजे मामाचं प्रत्येक कुपन मुदत संपलेलं. एकदाही न वापरलेलं. शून्य टक्क्यांचं. जगात याहून निरुपयोगी कुपन असूच शकत नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी आमच्या कंपनीने सगळ्या दुकानांमधून नेमकी अशीच कुपनं झाडून काढली होती, कारण त्या जुन्या कचऱ्याने पानं उघडायला वेळ लागत होता. कचरा हा शब्द मीटिंगमध्ये मीच वापरला होता. दुकानदारांना त्याची सूचनाही मीच लिहिली होती.

"सूचना आली होती ना रे तुला? वाचली नाहीस?"

"आली होती काहीतरी," मामा म्हणाला आणि उगाचच कलबूत पुसायला लागला.

मामी दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "परत येतील ना?" मी म्हटलं, येतील. तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं.

ऑफिसात गेल्यावर मी थेट सर्व्हर सांभाळणाऱ्याला गाठलं. हा माणूस कमी बोलतो आणि जे बोलतो तेही टायपिंग न थांबवता. "शून्य टक्क्यांची कुपनं? ती कशाला हवीत?" मी सांगितलं. त्याचं टायपिंग थांबलं. मग त्याने सांगितलं की आपण मागच्या दोन आठवड्यांचीच प्रत ठेवतो, आणि याला तीन आठवडे झालेत. तरी बिचाऱ्याने दोन दिवस जिवाचं रान केलं. हाताला लागली ती नुसती नावांची यादी, काय काय पुसलं याची नोंद म्हणून राहिलेली. तीनशे बारा नावं. मापं शून्य.

ती यादी छापून मी मामाकडे नेली. मामाने कुपनांना गिऱ्हाइकांची खरी नावं दिली नव्हती, स्वतःच्या मनातली दिली होती. 'घाईचे मास्तर'. 'रुसलेला उजवा'. 'जुळ्यांतली थोरली'. 'नाचणारी, टाच सांभाळ'. तो बोट ठेवून वाचत होता आणि मधेच हसत होता. मला वाटलं, सुटलो. याला सगळं पाठ आहे.

"आठवतंय ना? तू सांग, मी टाइप करते."

"आठवतंय की. बाईंचा पाय तर मी डोळे मिटून काढून दाखवीन." त्याने यादीची घडी घातली. "पण आठवणीवर जोडा शिवायचा नसतो. आठवणीत जरा इकडेतिकडे झालं तर चालतं. त्यांना दिवसभर चालायचंय त्यात."

आणि मग तो जे बोलला, ते मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "सत्तरी उलटलीय माझी. तीनशे माणसांना पुन्हा कागदावर उभं करायचं म्हणजे थट्टा आहे का? त्यापेक्षा हातातल्या तेवढ्या जोड्या पुऱ्या करतो आणि बाक उचलतो." मामी आत निघून गेली. भांड्यांचा आवाज यायला हवा होता, तोही आला नाही.

मी घरी जाऊन पत्र लिहिलं. सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायचं, माप पुन्हा मागायचं. मामा नको म्हणाला तरी बघू, असं ठरवून लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला वाचून दाखवलं: 'काही तांत्रिक कारणांमुळे आपली माहिती सध्या उपलब्ध नाही...' त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे कोण बोलतंय?"

"तू."

"मी असा कधी बोललो?" कागद ओढून घेऊन त्याने स्वतः लिहिलं. 'तुमच्या पायाचं माप माझ्याकडून हरवलं. कागदही मी टाकून दिले होते. चूक माझी आहे. पुन्हा पाठवलंत तर पुन्हा शिवीन. नाही पाठवलंत तरी राग नाही.' खाली सही.

"मामा, चूक तुझी कुठे आहे? कंपनीने पुसलं."

"त्यांनी पाय माझ्या हातात दिले होते. तुझ्या कंपनीला कोण ओळखतं?"

पत्र गेलं. आठ दिवस काहीच आलं नाही, आणि मामाने खरंच बाकाखालचं सामान आवरायला घेतलं. नवव्या दिवशी पहिलं पाकीट आलं, ग्रंथपाल बाईंचं. दोन कागद, सकाळचा आणि संध्याकाळचा, त्यांचे दोरे, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'तुम्हीच शिकवलंत तसं काढलंय. डावा अजून तसाच हट्टी आहे.' मामाने तो कागद खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मी आणि मामीने एकमेकींकडे बघितलं नाही.

मग रोज पाकिटं यायला लागली. घाईच्या मास्तरांनी घाईत एकच पाय पाठवला, त्यांना परत लिहावं लागलं. जुळ्यांतल्या थोरलीचा पाय आता तिच्या आईएवढा झालाय. चार घरांतून, ते माणूस आता नाही, असं कळलं. त्या चौघांच्या नावांपुढे मामाने यादीत काहीच लिहिलं नाही, पण त्या दिवशी रेडिओही लावला नाही. सत्तर-ऐंशी लोकांनी उत्तरच दिलं नाही. बाक मात्र जागेवर राहिलं.

दर रविवारी सकाळी मी मापं नोंदवायला त्याच्याकडे जाते. आता एक जाड वहीही केलीय, आधी वहीत आणि मग कॉम्प्युटरमध्ये, तेही नीट जागी. कागद मामी पेटीत ठेवते आणि किल्ली स्वतःकडे. मागच्या रविवारी आम्ही दोघंच होतो. तो आकडे सांगत होता, मी लिहीत होते. दोन महिने जे पोटात घेऊन फिरत होते, ते मला आणखी दाबता येईना.

"मामा, ती सूचना मी लिहिली होती. कुपनं काढून टाका, हेही मीच सुचवलं होतं."

"सूचना तुझी होती ते माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? वरती मोठ्या अक्षरांत होतं, 'निर्धास्त राहा'. दुकान लावून दिलंस तेव्हा तू दर बटणापाशी चिठ्ठी चिकटवली होतीस. मामा, निर्धास्त राहा, हे दाबलं तरी काही बिघडत नाही. कंपन्या असं लिहीत नाहीत."

"मग खालचं सगळं वाचलंस आणि तरी..."

"खालचं नाही वाचलं." त्याने दोरा ताणून पट्टीवर धरला, चष्मा वर सरकवला, खूण बघितली. "तुझं बोलणं ओळखू आलं, म्हटलं पोरीने बघितलं असेल सगळं, आणि बंद करून टाकलं. लिही, टाच साडेपाच."

माझ्या डोळ्यांना वही दिसत नव्हती. मामा थांबला, आणि त्याने तो आकडा पुन्हा एकदा, सावकाश सांगितला.