वाकड्या मानेची लेन्स

बायकोलासुद्धा ठाऊक नाही हे. ग्रुपमधल्यांना तर नाहीच — आणि कळलं असतं तरी त्यांनी त्यावर एखादं भारदस्त विशेषण चिकटवून टाळ्या वाजवल्या असत्या. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. सांगून मी बरा माणूस ठरेन, असं काही माझ्या डोक्यात नाही.

गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत रविवारी आमचा फोटोग्राफीचा ग्रुप जमतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मंडळी — एक डॉक्टर, एक बिल्डर, एक प्राध्यापक, आणि इंदिरानगरातला मी, नोकरीतून उरलेल्या वेळात कलावंत. ऑटोफोकस वापरणाऱ्याला आमच्यात कुत्रं विचारत नाही. या टोळक्यात आपलाही रुबाब असावा म्हणून मी ती लेन्स घेतली. तिची मान वाकवता येते. वाकवाल त्या बाजूचा एवढासा भाग स्वच्छ दिसतो, बाकी सगळं धूसर, फरफटल्यासारखं. फोकस हातानंच करायचा.

रीत साधी आहे. मान सरळ ठेवून फोकस पकडायचा, मग ती थोडी वाकवायची आणि — हे महत्त्वाचं — फोकस पुन्हा लावायचा, कारण वाकवताना तो सरकतो. हे पुन्हा लावणं मला जमत नव्हतं. जमत नव्हतं कसलं? मी हात बसेपर्यंत घोटलंच नाही. ओट्यावरचे डबे, गॅलरीतली कुंडी, देवळाचे खांब यांच्यावर थोडा सराव केला आणि वाटलं, आली विद्या. डबा काय हो, दिवसभर थांबतो.

हिराबाई आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर फुलं विकतात. मखमलाबादकडे त्यांचा शेवंतीचा मळा आहे. त्यांच्या अश्विनीचं लग्न ठरलं तेव्हा मीच पुढं होऊन म्हणालो, फोटो मी काढतो, फुकट. फुकट दिलं की समोरच्याला तक्रार करता येत नाही — हे मला तेव्हा कळत होतं का? असावं. व्हिडिओवालाही मीच नको म्हणालो. मध्ये मध्ये येतो म्हणून.

त्या माउलीनं एकच गोष्ट मागितली. मंगलाष्टका चालू असताना मुलीच्या आईनं मांडवात थांबायचं नाही, अशी त्यांच्याकडची पद्धत. ती घरात देवकापाशी बसते, आणि लेकीवर अक्षता पडताना तिलाच दिसत नाहीत. "भाऊ, मला तेवढं काय पाहता येत नाय," त्या म्हणाल्या. "अंतरपाट खाली आला का पोरीचं तोंड कसं झालतं, ते फोटूत नीट येऊ द्या. लय नको. एक द्या."

मी हो म्हणालो. पिशवीत नेहमीची लेन्स होती — बटण अर्धं दाबलं की चेहरा शोधून काढणारी, शहाणी. तीच लावायची होती. पण माझ्या डोळ्यांपुढं हिराबाई नव्हत्याच, कॅफेतला रविवार होता. मंगलाष्टका सुरू झाल्या आणि मी वाकडी लेन्स चढवली. पाहुण्यांनी मोबाईल वर केले, तर खेकसलो — मोबाईल खाली घ्या, फ्रेम खराब होतेय. बिचाऱ्यांनी घेतले. शिकल्यासवरल्या माणसाचा आवाज ऐकतात लोक.

अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली, अक्षता उडाल्या. मी मान वाकवली आणि धडाधड बटण दाबत सुटलो. फोकस पुन्हा लावला नाही. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

घरी कॉम्प्युटरवर पाहिलं. भटजींची अंतरपाट धरलेली बोटं लख्ख आली होती, नखातली हळदसुद्धा. आणि अश्विनीचा चेहरा? तव्यावर लोणी पसरावं तसा. प्रत्येक फोटोत तसाच.

आता ऐका. हिराबाईंना फोटो दिला तेव्हा मी म्हणालो, "ऐन वेळी तुमची मुलगी हलली. मी काय करणार?" अश्विनी हलली नव्हती. समोर बघत स्तब्ध उभी होती पोरगी, मी स्वतः पाहिलंय. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात — मी तर नवरीलाच वाकडं ठरवलं. हिराबाईंनी त्या धूसर जागेवरून बोट फिरवलं. पुसल्यावर खालून काही निघेल असं वाटलं की काय कुणास ठाऊक. मग म्हणाल्या, "हां... लहानपणापासून थिर राहवत नाय तिला." माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना एक क्षणही लागला नाही.

तोच फोटो मी ग्रुपवर टाकला. 'काय फोकस निवडलायस!' एकानं लिहिलं. निवडलाय? प्राध्यापकांनी तर 'चेहरा नाकारण्याचं धाडस' असं लिहिलं. मूर्ख माणूस. पण त्याचं ते वाक्य मी परतपरत वाचलं, आणि मला गुदगुल्या झाल्या. मग त्याला मूर्ख म्हणायचा मला काय अधिकार?

हे एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी तोंड उघडलंही नसतं. दिवाळीला अश्विनी माहेरी आली होती. मी फुलं घ्यायला गेलो, तर आईशेजारी बसलेली ती उठून पुढं आली.

"दादा, सॉरी," म्हणाली. "तुम्ही एवढी मेहनत घेतली, आन् मीच हलले. आईला तेवढंच पाहायचं होतं. ती अजून बोलून दाखवते."

हिराबाई खाली बघून शेवंती तोलत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं मला. दोघीही समोर होत्या, घाई कसलीच नव्हती.

"असू दे गं," मी म्हणालो. "होतं असं कधी कधी."

मी तिला माफ केलं. आणि ती मला थँक्यू म्हणाली.