मंदाबाईंची भीती

शाळेची प्रार्थना संपून मुलं वर्गाकडे वळत होती, तेव्हा दत्ताभाऊंचा फोन आला. दत्ताभाऊ म्हणजे आमच्या मंदाबाईंचे यजमान. एरवी तब्येत विचारल्याशिवाय मुद्द्यावर न येणारा माणूस. त्या सकाळी ते एवढंच म्हणाले, "मॅडम, मंदा गेली... नागपूरच्या अलीकडंच." आदल्या दिवशी डोकं ठणकतं म्हणून त्या घरी थांबल्या होत्या. मग उलट्या झाल्या. आदिलाबादच्या डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव आहे म्हणून तातडीनं पुढे पाठवलं, आणि ॲम्ब्युलन्स वाटेतच... मला आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. त्या प्रवासात त्यांना सगळं कळत असेल का, आणि कळत असेल तर किती भ्याल्या असतील, हाच विचार डोक्यात घोळत राहिला.

कारण मंदाबाई फार भित्र्या होत्या. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची तिथं बरीच वर्षं झाली होती. वीज कडाडली की त्या वर्गाच्या मधोमध येऊन उभ्या राहत, आणि मुलांना वीज कशी पडते ते शिकवत. पाल दिसली की खुर्ची सोडत. त्यांच्या या भित्रेपणाला शाळेत सगळे हसायचे, त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याची लाज नव्हती. "मले भेव लागते, म्हनून मी नीट पाहतो ना," असं त्या म्हणायच्या. बायकांनी 'पाहतो' म्हणायची आमच्याकडची रीत आहे. बाहेरगावच्या बदलून आलेल्या शिक्षिका गोंधळायच्या, मंदाबाई मुद्दाम तसंच बोलायच्या.

आम्ही दोघी आदिलाबादहून त्यांच्या गाडीनं ये-जा करायचो. छोटी, जुनी गाडी. एका उन्हाळ्यात तिला खोड लागली. चावी फिरवली की कधी पटकन चालू व्हायची, कधी नुसती गप्प. आवाज नाही, धडपड नाही. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नव्हतं. वाटेवरच्या गुडीहत्नूरच्या मिस्त्रींनी आधी बॅटरी बदलली. मग त्यांनी सांगितलं की या गाडीत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, त्यासाठी पॅडलच्या वर एक बटणासारखा स्विच असतो, तोच गेला असणार. स्विचही नवा बसवला. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. पूर्ण बंद पडली असती तर मंदाबाईंना चाललं असतं. कधी पडेल ते कळत नाही, याचं त्यांना भय वाटे. मिस्त्रींसमोर उभं राहून त्यांनी कुठली वायर कुठून कुठे जाते ते विचारून घेतलं, आणि वायरीत करंट येतो का ते पाहायला शाळेच्या प्रयोगशाळेतला दोन तारांचा लहान दिवा गाडीत आणून ठेवला.

तेव्हा मला सातवा महिना होता. पावसाळा संपत आलेला. त्या आठवड्यात आमच्या रस्त्याकडेच्या सागाच्या जंगलात वाघानं एक गाय मारली होती आणि जंगल खात्याची माणसं गावोगाव सांगत फिरत होती की एकट्यानं जाऊ नका. दुपारी शिकवता शिकवता माझ्या पोटात कळ आली आणि पाठोपाठ रक्त दिसलं. माझे यजमान लांब बेल्लमपल्लीला कामावर. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती दुसऱ्या गावाला गेलेली. मंदाबाईंनी मला मागच्या सीटवर आडवं केलं, पायाखाली दोघींच्या पिशव्या ठेवल्या आणि निघाल्या. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला होता.

जंगलातल्या चढावर वळण घेताच समोर बैलांचा कळप. त्यांनी ब्रेक दाबला आणि घाईत गाडी बंद पडली. बैल शांतपणे पलीकडे गेले. त्यांनी चावी फिरवली... काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. फोनला रेंज नव्हती. पुढे चढ, मागे वळण आणि कठडा नसलेला अरुंद पूल. ढकलायला माणूस नाही, आणि गाडी उतारावर मागे सोडून चालू करायची हिंमत नाही. मला वाटलं, संपलं. मी पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल शोधत होते आणि ती लागत नव्हती.

 मंदाबाईंनी हेडलाइट लावले, समोरच्या झाडावर उजेड पडला. हॉर्न दाबला, तो जोरात वाजला. "बॅटरी ठीक हाय," त्या म्हणाल्या. मला की स्वतःला, कोण जाणे. हँडब्रेक ओढला, गिअर मोकळा आहे ना हे दोनदा हलवून पाहिलं, दार उघडलं आणि खाली उतरून, गुडघे रस्त्यावर टेकून, डोकं पॅडलखाली घातलं. अर्धं शरीर बाहेर, जंगलाकडे पाठ. दिव्याची एक तार गाडीच्या पत्र्याला लावली, दुसरी क्लचच्या त्या स्विचच्या वायरीला. मला म्हणाल्या, "शुभांगी, तुहा हात चाबीपर्यंत पुरते का? मी म्हनीन तवा फिरव अन् धरून ठेव."

मी कुशीवर होऊन दोन सीटांच्या मधून हात घातला. चावी फिरवून धरली. दिवा लागला नाही. त्यांनी दुसऱ्या वायरीला लावून पाहिलं, तिथंही नाही. "म्हंजे दोष स्विचचा नाही. त्याच्यापर्यंत करंटच येऊन नाही राह्यला." नवा स्विच बसवूनही खोड का गेली नाही, ते आता कळत होतं. दोष अलीकडे कुठेतरी होता. त्या वायरीवरून बोटं चाचपत वर जाऊ लागल्या, वीतभर सरकायच्या, वायर हलवायच्या, दिव्याकडे बघायच्या.

तेवढ्यात झाडांवरून माकडांचा आवाज आला. खेळताना करतात तो नव्हे; तुटक, खोकल्यासारखा, पुन्हा पुन्हा. आमच्या भागात लहान पोरालाही त्याचा अर्थ कळतो: वाघ जवळ आहे. मी चावी तशीच धरून ठेवली. मंदाबाई क्षणभर थांबल्या. मला वाटलं, आता आत येऊन दार लावून घेतील. त्यांची बोटं पुन्हा हलू लागली. 

आणि दिवा लुकलुकला. पॅडलच्या पट्टीपाशी वायर वाकून वाकून आतून तुटली होती. वरचं आवरण तेवढं शाबूत. तिथं चिमटीत दाबून धरली की दिवा लागे, सोडली की विझे. "सापडली," त्या हळूच म्हणाल्या. एका हातानं वायर दाबली, दुसऱ्या हातानं क्लच खाली रेटला. "सोडून पुन्हा फिरव."

गाडी चालू झाली.

पुढचा सगळा रस्ता त्या एकच वाक्य पुटपुटत होत्या, "आता बंद पडू देऊ नको, आता बंद पडू देऊ नको." चालू इंजिनाला त्या वायरीची गरज नव्हती, पण एकदा बंद पडलं की पुन्हा तेच करावं लागणार होतं. गुडीहत्नूरला हमरस्त्यावर त्यांनी कुणालाही मदतीला हाक मारली नाही, कारण थांबायचीच त्यांना धास्ती होती. आदिलाबादच्या दवाखान्याच्या दारात पोचल्यावरही गाडी तशीच घरघरत ठेवून त्या नर्सला बोलवायला धावल्या. माझी मुलगी त्याच संध्याकाळी जन्मली, मुठीएवढी. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. आज ती सायकल शिकते आहे.

तिसऱ्या दिवशी मंदाबाई भेटायला आल्या. तेव्हा मी विचारलं, माकडं ऐकली होती का? "ऐकली ना," त्या म्हणाल्या. "पन उठलो असतो तर पुन्हा खाली बसायची हिंमत नसती झाली." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. मिस्त्रींनी नवी वायर टाकून दिली होती आणि त्या त्याच रस्त्यानं शाळेत जाऊ लागल्या होत्या, खिडक्या घट्ट बंद करून.

तेराव्यानंतर दत्ताभाऊंनी मला ॲम्ब्युलन्समधलं सांगितलं. त्या बराच वेळ शुद्धीत होत्या. त्यांनी यजमानांचा हात धरून म्हटलं, "मले लय भेव लागून राह्यलं." आयुष्यभर दत्ताभाऊ त्यांना 'काऊन भितं एवढी?' म्हणून टोकत आले. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "मलेबी." मग मंदाबाई थोड्या शांत झाल्या, असं त्यांचं म्हणणं. मला ते खरं वाटतं... वाटून घ्यायचं आहे.

दत्ताभाऊंना गाडी चालवता येत नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी आता ती शाळेला नेते. पहिल्या दिवशी बसले तेव्हा गुडघे स्टिअरिंगला टेकले. मंदाबाई ठेंगण्या, पाय पुरावेत म्हणून सीट अगदी पुढे ओढून बसायच्या. मी सीटखालची पट्टी धरली, मागे सरकवण्यापुरती उचललीही... आणि सोडून दिली. त्या चढावर अजून माझ्या तळहातांना घाम येतो. अंग चोरून, पुढे झुकून, त्यांच्याच मापाच्या जागेत बसून मी तो चढ चढते.