मिस्त्रींना आलेला चौकशीचा फोन

फाउंड्री बंद झाली तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला तो नोटिशीच्या भाषेचा. 'आपल्या बहुमोल सेवेबद्दल व्यवस्थापन कृतज्ञ आहे' असं लिहून खाली सही ठोकली होती. एकोणीस वर्षं मी तिथं वाळूच्या प्रयोगशाळेत काढली. लोखंड ओतायचा साचा वाळूचा असतो. ती वाळू किती ओली, किती चिकट, किती गरम हे रोज तपासून सांगायचं, हे माझं काम. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "वाळू तपासाय बीएस्सी केलासा व्हय?" तेव्हा मी हसण्यावारी नेत असे. नोकरी गेल्यावर त्याच बायका "आता काय करणार?" म्हणून विचारू लागल्या, आणि मला हसू येईना.

वय सेहेचाळीस. नवरा पेठ वडगावजवळच्या विनाअनुदानित शाळेत शिक्षक, म्हणजे पगार संस्थेच्या मर्जीवर. मुलीचं इंजिनिअरिंग अर्ध्यावर आलेलं. घर माझ्या पगारावर चालतं हे आम्ही दोघं कधी उघड बोललो नव्हतो, पण ठाऊक दोघांनाही होतं. मला नोकरी हवी होती आणि लवकर हवी होती.

पहिले दोन-तीन महिने मी औद्योगिक वसाहतीतली गेटं पालथी घातली. वॉचमन कागद घ्यायचा आणि ड्रॉवरमध्ये टाकायचा. एका ठिकाणी ऑफिसातल्या एका पोरसवदा साहेबानं मला आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही ऑनलाइन दिसतच नाही. प्रोफाइल करा, ओळखी वाढवा." माझं डोकंच फिरलं. ज्या गावात जन्म गेला तिथं ओळखी वाढवा म्हणे! पण गरज होती. नाक मुठीत धरून घरी आले आणि त्या नोकरीवाल्यांच्या साइटवर खातं उघडलं.

फोटोसाठी नवऱ्यानं मला शाळेच्या पांढऱ्या भिंतीपुढं उभं केलं आणि वर्गातल्या पोरांना सांगतात तसं "सरळ बघा" म्हणाला. शिक्षण, अनुभव वगैरे पटापट भरलं. मग एक रकाना आला, तुम्ही आजवर काय साध्य केलं? इथं मी अडले. एकोणीस वर्षांत मी काय केलं, तर रोज वाळू तपासली. पण तसं लिहून कोण घेणार?

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी होती. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्याकडं पंपाच्या कास्टिंगना, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागांना, भोकं पडू लागली होती. माझे आकडे सगळे बरोबर, आणि माल मात्र ढिगानं भंगारात. आमचे मोल्डिंगचे मिस्त्री शिरोळकडचे. सातवीपर्यंत शिकलेले, साच्यांवरच केस पांढरे झालेले. ते एके दिवशी प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं मशीन मिक्सरपाशी बघतंय. साच्यापातूर येस्तवर वाळूचं पाणी उडतंय. लई गरम हाय ती. तिला जरा इसावा द्या की." वापरलेली वाळू पसरून, गार करून मग परत घ्यायची, एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही तसं केलं आणि बाद होणारा माल निम्म्यावर आला. रिपोर्ट मी लिहिला. रिपोर्टवर नाव माझं, कारण मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं आणि रिपोर्टवर मिस्त्रीचं नाव घालायची आमच्याकडं पद्धतही नव्हती.

त्या रकान्यात मी लिहिलं, 'वाळू नियंत्रणाची नवी पद्धत आणून बाद मालाचं प्रमाण निम्म्यावर आणलं.' कोणी आणली ते लिहिलं नाही. खोटं एक अक्षर नव्हतं. लिहून झाल्यावर मात्र मी उठून उगाचच स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी परत घासली.

मग ओळखी. देशभरातल्या फाउंड्रीवाल्यांना मी विनंत्या पाठवू लागले. कोणी स्वीकारली की आता पुढं काय बोलायचं, हे मला कळेना. आपल्याकडं नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न गावाचा. तेच मी केलं. "नमस्कार. आपलं मूळ गाव कोणतं?" असं मी बड्या बड्या साहेबांना लिहिलं. मुलीला कळल्यावर ती फोनवरून ओरडलीच, "आई, असं कुणी विचारतं का? लोक ब्लॉक करतील!" काहींनी केलंही असेल. चारशेच्या वर ओळखी झाल्या, त्यातले बहुतेक नुसते फोटो. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या, लाइकचे अंगठे दाबायचे, आणि संध्याकाळी भाकरी थापायच्या. इतकी माणसं गोळा करून इतकं एकटं वाटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पण एकानं उत्तर दिलं. पुण्यातल्या एका कंपनीत गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. लिहिलं होतं, "आईचं माहेर मुरगूड. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी गाव विचारलं." मग दोन-चार दिवसांनी त्यांचा फोन आला. कंपनीचा नवा कारखाना कागलकडं सुरू होत होता आणि वाळूच्या प्रयोगशाळेला माणूस हवं होतं. मुलाखत फोनवरच झाली. चांगली झाली. त्यांनी नेमकं तेच विचारलं, ते निम्म्यावर कसं आणलं? मी गरम वाळूचं सगळं सविस्तर सांगितलं. "मी" म्हणाले नाही, "आम्ही" म्हणाले. माझी धाव तेवढीच.

शेवटी ते म्हणाले, "एक औपचारिकता आहे. तुमच्या हाताखाली काम केलेल्या एका माणसाचा नंबर द्या. आमच्या ऑफिसातून फोन जाईल." एकोणीस वर्षांत माझ्या हाताखाली म्हणावं असं कोणी नव्हतं. नाव सुचलं ते एकच. तेव्हा लक्षात आलं, की चारशे अनोळखी लोकांच्या वाढदिवसांची मी दखल घेतली, पण कारखाना बंद झाल्यापासून मिस्त्रींना एक फोन केला नव्हता.

मी नंबर फिरवला. "मॅडम! जेवलासा का?" तेच, नेहमीचं. मिस्त्री गावाकडं एका वीटभट्टीवर लागले होते, मातीत उभे राहून मजुरांवर नजर ठेवायला. "चाललंय की," म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की मला नोकरी मिळतेय, एक फोन येईल, माझ्याबद्दल विचारतील, जे खरं ते सांगा. "तुमच्याबद्दल वाईट काय सांगायचं हाय?" ते हसले. त्या रकान्यात मी काय लिहिलंय हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं म्हणूनच फोन केला होता, पण जीभ रेटली नाही.

पाच दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. नवऱ्यानं ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसला. मी देवापुढं साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. दारात मिस्त्री उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, दाढी नीट कापलेली, हातात कापडी पिशवी. पहिल्या एसटीनं शिरोळहून आले होते. मी पाणी दिलं. मला वाटलं, अभिनंदनाला आलेत.

ते म्हणाले, "मग कवा जायाचं?"

"कुठं?"

"कागलला. त्या फोनवरच्या बाईंनी इचारलं न्हवं का मला. मॅडमच्या संगं परत काम कराल का म्हणून. म्या व्हय म्हणलो. भट्टीचं काम सोडलंय कालच. म्हणलं, मॅडमना एकदा भेटून घ्यावं, दिवस कुठला ते इचारावं."

मला आधी काही कळेना. मग एकदम कळलं. चौकशीच्या यादीत शेवटचा एक प्रश्न असतो, तुम्ही यांच्यासोबत पुन्हा काम कराल का? उत्तराची खूण करायची आणि कागद फायलीला लावायचा. ऑफिसातल्या कुठल्याशा मुलीनं तो वाचला असणार. पण आमच्याकडं "येशील का" असं उगाच कोणी कोणाला विचारत नाही. शेतावर येशील का, लग्नाला येशील का, कामाला येशील का, विचारलं म्हणजे बोलावणं झालं. मिस्त्रींना बोलावणं आलं होतं. ते आले होते.

मी समोर बसले. सांगायचं तर सगळंच सांगायचं, असं मनाशी ठरवलं. पत्र हातात पडल्यावर सुचलेलं हे शहाणपण, त्याची काय किंमत! मी म्हणाले, "मिस्त्री, माझं चुकलं. ती गरम वाळूची गोष्ट मी माझी म्हणून लिहिली. त्यावरच मला नोकरी मिळाली. ती तुमची होती." एका दमात बोलले. त्यांनी चिडावं, मला टाकून बोलावं, असं मला मनापासून वाटत होतं.

त्यांनी हात हलवला. "त्याचं काय एवढं? फोनवर वाचून दावलं त्यांनी. खरं का म्हणाल्या. म्या म्हणलो, मॅडमनीच केलं. मला कोण इचारतंय त्याचं? तुमास्नी लागू दे."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, आणि माहीत असूनच ते माझ्यासाठी खोटं बोलले होते. मला रडू आवरेना. पण त्यांच्या लेखी तो विषय संपला होता. ते पिशवी मांडीवर घेऊन माझ्या तोंडाकडं बघत होते, तारखेसाठी. मग मी तेही सांगितलं. तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, त्यात बोलावणं नसतं, तिथं तुमच्यासाठी जागा नाही. मी विचारून बघेन म्हणाले, पण माझा स्वतःचाच आवाज मला पोकळ वाटला.

मिस्त्री पिशवीचे बंद बोटांत घोळवत बसले. रागानं नाही. एखादा साचा कुठं चुकला ते शोधताना बसायचे तसे.

"न्हाय घ्यायचं तर न्हाय," ते शेवटी म्हणाले. "पर मग त्यांनी इचारलं कशाला, मॅडम?"

मी त्यांना जेवून जायचा आग्रह केला. ते थांबले नाहीत.

कामावर रुजू झाल्यावर मी मिस्त्रींसाठी खरंच विचारलं. वय बसत नाही म्हणाले. वीटभट्टीवर तोवर दुसरा माणूस ठेवला होता, आणि पुढच्या हंगामापर्यंत मिस्त्री घरीच बसून राहिले. माझ्या प्रोफाइलवरची ती ओळ मी बदलली, त्यात त्यांचं नाव घातलं. ते कोणाच्या नजरेस आलं नाही, आणि मिस्त्री ती साइट बघत नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्याकडं प्रयोगशाळेत एक मुलगी घ्यायची होती. चौकशीचा फोन मलाच करायला सांगितला. पलीकडं तिच्या आधीच्या कारखान्यातला कोणी म्हातारा मोल्डर होता, आवाजात अदब, मागून यंत्राचा आवाज. मी यादी वाचत शेवटच्या प्रश्नापाशी आले आणि फोन ठेवला. तो रकाना मी कोराच पाठवला. वरून मेल आला, एक उत्तर राहिलंय, विचारून भरा. मी अजून विचारलेलं नाही.