दाजींच्या घोडीची पांढरी शेपूट

माणसानं वाचावं. भरपूर वाचावं. पण वाचलेलं दुसऱ्याच्या घोडीवर करून पाहू नये, एवढी अक्कल मला एकाही पुस्तकानं दिली नाही. कप खाली ठेवा, मग सांगतो. हसताना चहा सांडला तर सदऱ्यावर डाग पडेल, आणि डाग या विषयात मी आता जाणकार मानला जातो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याला कचेरीत कारकून होतो. माझी थोरली बहीण, अक्का, भडगावच्या अलीकडे गिरणाकाठच्या एका गावात दिलेली. दाजी केळीचे बागायतदार. त्यांच्या थोरल्या मुलाचं, रवीचं लग्न ठरलं होतं. लग्न मुलाच्याच दारी होतं. पारोळ्याची मंडळी मुलीला घेऊन येणार होती. मुलाचा मामा म्हणून मी चांगली रजा टाकून आधीच जाऊन बसलो.

दाजींकडे एक पांढरी घोडी होती, चांदी नावाची. शेतीला उपयोग शून्य. पण गावात रुबाब म्हणजे काय, ते दाजी त्या घोडीवर बसूनच दाखवायचे. अडचण एवढीच, की गोठ्यातल्या ओलीत बसून बसून तिची शेपूट आणि आयाळ पिवळीधमक झाली होती. अंग दुधाचं आणि शेपूट कढीची!

शेजारचे सुपडू आबा हे दाजींचे जन्माचे प्रतिस्पर्धी. गावातले सगळे नवरदेव आजवर त्यांच्या तट्टावर बसून मारुतीला गेलेले. ते ओट्यावर बसून रोज विचारायचे, "काय हो, नवरदेवले हळद लागाना आगोदर घोडीलेच लागनी का?"

दाजी पेटले. चार लोकांत बोलून बसले, "रवी बसी तं मन्ही घोडीवर बसी. नही तं पायी जाई!"

झालं. आता रवीच्या लग्नापेक्षा घोडीची शेपूट मोठी झाली.

दाजींनी ब्लीचिंग पावडरचा डबा काढला. विहिरीत टाकतात ती. मी त्यांचा हात धरला. "दाजी, जनावराची कातडी जळेल! उपाय सुरक्षित पाहिजे."

"मंग सांगा ना सुरक्षित. तुम्ही वाचेल मानूस शेतस."

आता असं कुणी म्हटलं की माझं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. शेपटीचं दुखणं जुनंच, म्हणून निघण्याआधी मी धुळ्यातल्या ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना विचारून ठेवलं होतंच. ते म्हणाले होते, रिठ्याच्या पाण्यानं धुवा, भरपूर साध्या पाण्यानं खंगाळा, शेवटच्या बादलीत नीळ अगदी नावाला टाका, घोडीला कोरड्या जागी बांधा आणि तिच्या पाठीमागे उभे राहू नका. किती साधा उपाय! इतका साधा, की माझा त्याच्यावर विश्वासच बसला नाही.

तरी केला. रोज सकाळी रिठे. घोडीनं दोनदा मला बादलीसकट उलथवलं, पण कढीचा रंग उतरला आणि सायीचा आला. अक्का म्हणाली, "भलती झ्याक दिसस रे नाना. बस कर आते."

इथं थांबलो असतो, तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण मला साय नको होती. मला चुना हवा होता!

आणि हळदीच्या दिवशी दुपारी मला आठवलं. कुठल्याशा जुन्या पुस्तकात मी वाचलं होतं, की केळीच्या खांबाची राख पाण्यात कालवून गाळली, की त्या क्षारानं कपडे शुभ्र निघतात. आमच्या आजूबाजूला काय होतं? केळीच केळी! पण खांब वाळायचा कधी, जाळायचा कधी? लग्न तर उद्यावर आलेलं. मग मी विचार केला. हो, विचारच केला. राखेत जर एवढा गुण, तर ताज्या रसात केवढा असेल! जळून गेल्यावर जे उरतं ते सत्त्व, मग जळायच्या आधी सत्त्व किती?

तर्कशास्त्रात खोट काढून दाखवा! मला तेव्हा सापडली नाही.

मी बागेतून एक खांब खांद्यावर टाकून आणला. कुणी हटकलं नाही. लग्नघरी केळीचे खांब मांडवाला लागतातच. उलट दाजींचे भाऊबंद म्हणाले, "देखा, मामा कामले लागना!" गोठ्यामागे बसून मी तो खांब कुटला. अक्का हळदीचं ताट घेऊन जाताना डोकावली.

"काय कुटी ऱ्हायना रे नाना?"

"औषध."

"कोन आजारी शे?"

"कुणी नाही. तू जा, हळद लाव."

रस कसा निघाला म्हणून सांगू? पाण्यासारखा नितळ! मी शेपटीला चोळला, आयाळीला चोळला. आयाळीची पलीकडची बाजू राहिली, कारण घोडीनं तिकडे जाऊच दिलं नाही. शेपूट चमकायला लागली. वर धूळ बसू नये म्हणून मी दाजींचं धुतलेलं पांढरं धोतर शेपटीला गुंडाळून गाठ मारली, आणि सगळ्यांना जाहीर केलं, की सकाळी माझ्याशिवाय कुणी सोडायचं नाही. सुपडू आबांना तर मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं.

सकाळी गोठ्यापुढे निम्मं गाव. मी गाठ सोडली.

धोतर आतून तपकिरी निघालं. मनात म्हटलं, वा, मळ उतरला! मग शेपूट बाहेर आली.

काळी. अहो, शाईच्या दौतीत बुडवून काढावी तशी काळपट! आयाळ अलीकडून काळी, पलीकडून सायीची. एका बाजूनं पाहिलं तर एक घोडी, दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर दुसरी.

मग दाजींनी अगदी शांतपणे विचारलं, "नाना, काय लावं?"

"केळीचा रस."

जमलेल्या गावानं एकदम डोक्याला हात लावला. बागायती गावात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं, की केळीचा चीक लागला की तो डाग त्या कपड्याचा शेवटपर्यंतचा सोबती. मी धुळ्याचा! मला केळी माहीत होती ती डझनावर मिळणारी.

"कपडा फाटस भो, पन केळीना डाग जात नही," सुपडू आबा समाधानानं म्हणाले. "मन्हं तट्टू तयार शे बरं का. सांगा, आनी देस."

मी रिठे चोळले, लिंबं चोळली. डागाला काहीही वाटलं नाही. रवी बिचारा अंगभर हळद घेऊन उभा. "मामा, मी पायी जाऊ का?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "नाना, तुम्ही घोडी धुवाले उनात, का रंगाडाले?"

मी लिंबाची फोड आणखी जोरात चोळली.

"मंग रंगाडाच पुरी! उरेल बाजू बी काळी करा!"

काय करता? भर वैशाखात, उघड्या अंगणात, गावादेखत मी दुसरा खांब कुटला. या वेळी मदतीला हात पुष्कळ होते, आणि जिभा त्याहून जास्त. "मामा, मन्हा बाप बी पिकी ग्या, त्याले लावतस का?" खान्देशचं ऊन कधी नव्हे ते माझ्या कामी आलं. दुपार टळेपर्यंत आयाळ दोन्हीकडून सारखी काळी झाली. आणि माझे हात कोपरापर्यंत!

रवी चांदीवर बसला. वाजंत्री लागली. मी घोडीचा लगाम धरून चाललो, कारण ती बिथरली तर दोष कुणाचा हे आधीच ठरलं होतं.

मारुतीच्या पारावर पारोळ्याची मंडळी उभी. मुलीचे आजोबा काठी टेकत पुढे आले आणि घोडीभोवती फिरले. मी डोळेच मिटले.

"आरे व्वा! आंग दूधनं, शेपूट काजळनी! आसं जनावर मी जल्ममा देखं नही! कोनती जात म्हनावी ही?"

दाजींनी मिशीवर ताव दिला. "लाखमा एक सापडस."

सुपडू आबांना हे सहन होईना. पांढऱ्याशुभ्र कडक कपड्यांत ते पुढे सरसावले, तोंड उघडलं, आता सगळं बाहेर पडणार! तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि वाकून म्हणाले, "मामासाहेब, आमनं काही चुकनं तं पोटमा घाला."

साखरपुड्याला मला रजा मिळाली नव्हती. त्या मंडळींनी मला आधी पाहिलंच कुठं होतं?

आबांचं उघडलेलं तोंड हळूच मिटलं. मानाची टोपी डोक्यावर बसल्यावर माणसानं खरं बोलावं अशी अपेक्षा कशी ठेवता? त्यांनी ती नीट केली, आणि मामाला शोभेल असं मंद हसले.

मी पुढे होऊन सांगणार, की अहो, मामा मी! तोच मुलीच्या वडिलांचं लक्ष माझ्या काळ्या हातांकडे आणि हातातल्या लगामाकडे गेलं. त्यांनी गूळ-हरभऱ्याची बादली माझ्यापुढे केली. "घोडावाला भाऊ, हाई ले, तुन्ही घोडीले चारी दे."

मी केविलवाणा होऊन दाजींकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. ते बोललेही.

"देखस काय भो? चारी दे ना. भूक लागनी व्हई तिले."

मी मुकाट्यानं बादली घेतली आणि घोडीकडे वळलो. मला बादली घेऊन येताना पाहिलं मात्र, आणि चांदी नवरदेवासकट चार पावलं मागं सरकली.