मुठीतली नळी

थोरली वंध्यत्वाच्या दवाखान्यामागच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम करते. स्त्रीबीजाभोवती ज्या पेशींचं कोंडाळं असतं, त्या तिच्याकडे येतात. ती त्या धुते, फोडते आणि त्यांतलं एन्झाइम किती जोमानं काम करतं ते मोजते; त्यावरून बीजाच्या कसाचा अंदाज येतो. तबकडीतल्या खाचेत थेंब पडतो, एन्झाइम जागं असेल तर तो जांभळा होतो. नळ्यांवर नाव नसतं, फक्त आकडा.

आज सतरा नंबर तिच्या धाकट्या बहिणीचा होता.

"दुसऱ्या कुणाला दे," दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम सकाळीच म्हणाल्या होत्या.

"माझ्याइतकं कुणी जपणार नाही."

फोडलेल्या पेशींची नळी बर्फातच हवी, ऊब लागली की एन्झाइम मान टाकतं. थोरलीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं हे सांगितलं असतं. पण नळी हातात असताना आईचा फोन आला. "कळलं का गं काही? माझा जीव टांगणीला लागलाय." आईची समजूत काढताना थोरलीनं नळी मुठीत घट्ट धरली. फोन ठेवला तेव्हा पाऊण तास उलटला होता आणि नळी तिच्या तळव्याइतकी कोमट झाली होती. तरीही तिनं थेंब टाकला.

एकेक करून सगळ्या खाचा जांभळ्या झाल्या. सतरावी तशीच, पाण्यासारखी.

एन्झाइम मुळातच निर्जीव होतं, की तिनं मारलं? एकट्या या तपासणीवर मॅडम निर्णय घेत नसत. पण धाकटीच्या फाइलमध्ये आधीच दोन वाईट कागद होते. हा तिसरा लागला, तर स्वतःची बीजं सोडा, दुसरीची घ्या, असं त्या म्हणणार होत्या. आणि नळीत आता थेंबभरही उरलं नव्हतं.

'शून्य' लिहायला एक क्षण पुरला असता. खोटंही ठरलं नसतं. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच शाईचा ठिपका मोठा होत गेला.

ती बाहेर आली. धाकटी बाकावर अंग चोरून बसली होती.

"रंग नाही ना आला? तुझ्या तोंडावरच दिसतंय."

"नाही आला. पण माझ्यामुळे असेल. मी नळी गरम केली." थोरलीनं सगळं सांगितलं.

"म्हणजे नवी बीजं काढायला परत बारा दिवस सुया?"

"हो."

"आणि तू नीट केलं असतंस तर आला असता?"

"माहीत नाही गं."

धाकटीनं तोंड फिरवलं. थोरलीला वाटलं, आता ही उठून जाईल, कायमची.

"मॅडमना सांगितलंस?"

"आधी तुला."

"मग चल, मी येते. एकटी गेलीस तर तिथं भोकाड पसरशील, आणि पेशंट कोण ते त्यांना कळायचं नाही."

ती हसली नाही. उठताना तिनं ओटीपोट दोन्ही हातांनी धरलं. थोरलीनं आधाराला हात पुढे केला. धाकटीनं तो घेतला नाही, पण पावलं तिच्याबरोबरीनंच टाकली.